माउंट एन्सलीच्या वाटेवर

मंगळवार, 23 एप्रिल 2019. सिडनी

शाळेला सुट्टी असतानाही सकाळी साडेआठला सेंट्रल स्टेशनवर चाळीसेक मुलं युनिफॉर्ममध्ये हजर होती. त्यांच्याबरोबर तीन शिक्षक आणि आम्ही पाच पालक. पालकांच्या गळ्यात शाळेचं ओळखपत्र होतं आणि खिशात 'वर्किंग विथ चिल्ड्रन चेक'चा नंबर. मुलांबरोबर वावरणाऱ्या मोठ्यांची ही सरकारी पडताळणी, शाळेने या सहलीसाठी ती करून घेतली होती. माझी लेक दहावीत आहे. ती माझ्यापासून शक्य तितक्या लांब उभी होती, म्हणजे सगळं यथास्थित होतं.

आमची शाळा पश्चिम सिडनीतली, सरकारी. हजेरीपटावर लेबनीज, फिलिपिनो, तेलुगू, पंजाबी आणि मूठभर मराठी आडनावं दिसतात. अ‍ॅबोरिजिनल म्हणजे इथल्या मूळनिवासी समाजांतली मुलं संख्येने थोडी. तरीही दरवर्षी त्यांच्यातून एक मुलगी आणि एक मुलगा असे दोन विद्यार्थी-नेते निवडले जातात. काम शोभेचं नाही. सातवीत नव्याने आलेल्या मुलांना सांभाळणं, मुख्याध्यापकांच्या बैठकीत बसणं, गैरहजर राहू लागलेल्या पोराच्या घरी फोन करायला लावणं, असं सगळं त्यात येतं. अ‍ॅन्झॅक डेच्या, म्हणजे इथल्या सैनिक स्मृतिदिनाच्या, या सहलीची आखणीही यंदा त्या दोघांनीच केली होती. मागे उभ्या होत्या शाळेच्या अ‍ॅबोरिजिनल एज्युकेशन ऑफिसर. त्यांना सगळी शाळा 'आंटी' म्हणते, मुख्याध्यापकसुद्धा.

पहिला थांबा हाइड पार्क. दक्षिणेच्या टोकाला, अ‍ॅन्झॅक मेमोरियलपासून जवळच, सात मीटर उंचीच्या बंदुकीच्या गोळ्या उभ्या आहेत. चार उभ्या, आणि शेजारी तीन रिकामी काडतुसं आडवी पडलेली. टोनी अल्बर्ट या कलाकाराने केलेलं हे स्मारक 2015 मध्ये खुलं झालं. त्याचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी होते. निसटलेले सात जण इटलीत पुन्हा पकडले गेले आणि गोळ्या घालण्यासाठी रांगेत उभे केले गेले. तिघांना मारून झाल्यावर हुकूम थांबला. आजोबा उरलेल्या चौघांत होते. मुलगा-नेता ही गोष्ट सांगत होता तेव्हा मागच्या बाकावर ऑफिसवाले सॅंडविच खात होते, कबुतरं फिरत होती. एका मुलाने विचारलं, "मग घरी आल्यावर त्यांना काय मिळालं?" आंटी म्हणाल्या, "तोच तर अभ्यास आहे तुमचा."

तो अभ्यास तीन महिन्यांपासून चालू होता. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल आर्काइव्ह्जने पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे सेवाकागद स्कॅन करून सगळ्यांना बघता येतील असे ठेवले आहेत. प्रत्येक गटाने एक अ‍ॅबोरिजिनल सैनिक निवडला आणि त्याचे कागद वाचले. भरतीच्या फॉर्मवर वंशाचा रकाना नाही. उंची, छातीचा घेर, डोळ्यांचा रंग, आणि वर्ण. त्या शेवटच्या रकान्यात 'डार्क' लिहिलेलं असलं तरी त्याने काही सिद्ध होत नाही, उन्हात राबणाऱ्या गोऱ्या गुराख्यालाही कारकून तेच लिहायचा. त्यामुळे एकेक माणूस शोधायचा तर घराणी, मिशनच्या (मूळनिवासींना ठेवलेल्या वसाहतींच्या) नोंदी आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी एकमेकांना लावून बघाव्या लागतात. पोरांनी ते केलं होतं. माझ्या लेकीच्या वहीत पहिल्यांदाच सरळ रेषेत काढलेली वंशावळ मी बघितली.

बुधवार, 24 एप्रिल. सिडनी ते कॅनबेरा

बसचा प्रवास तीन-साडेतीन तासांचा. या रस्त्याला रिमेंबरन्स ड्राइव्हवे म्हणतात. 1954 मध्ये राणी एलिझाबेथ आली होती तेव्हा झाडं लावून याची सुरुवात झाली, आणि वाटेतल्या विश्रांतीथांब्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या सैनिकांची नावं आहेत. म्हणजे आपण ज्या पाटीखाली डबा उघडतो आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत उभे राहतो, तिच्यावर कुणाचं तरी शौर्य लिहिलेलं असतं. आधी मला ते विचित्र वाटायचं. आता वाटतं, रोज हजारो लोक ते नाव वाचतात, चबुतऱ्यावरच्या पुतळ्याला एवढं नशीब कुठे.

डब्यात अ‍ॅन्झॅक बिस्किटं होती. ओट्स, खोबरं, गोल्डन सिरप. अंडं नाही, त्यामुळे टिकतात. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बिस्किटं कडक हवीत की मऊ यावर आठवडाभर वाद झाला होता. मी बिस्किटांबरोबर शंकरपाळे नेले होते. गोलबर्न यायच्या आत माझा डबा रिकामा झाला, कडक आणि मऊ दोन्ही बिस्किटं मात्र शाबूत. गोलबर्नला पंधरा मीटर उंच काँक्रीटच्या मेंढ्याबरोबर फोटो काढणं सक्तीचं असल्यासारखं आहे, ते उरकलं. पुढे लेक जॉर्ज. हे सरोवर कधी भरतं, कधी पूर्ण आटतं. यंदा दुष्काळ होता, त्यामुळे नजर जाईल तिथवर पिवळं गवत आणि चरणाऱ्या मेंढ्या. मुलगी-नेती माईक घेऊन म्हणाली की याचं जुनं नाव वीरीवा. मग म्हणाली, "इथून पुढे आपण पाहुणे."

ती मूळची वायराजुरी, तिची मुळं न्यू साउथ वेल्सच्या मध्यभागातली. शाळा उभी आहे ती जमीन धारुग लोकांची, आणि कॅनबेरा नन्नवाल लोकांचं. नांब्री घराणीही त्या जमिनीवर आपला वारसा सांगतात. म्हणून तिने कॅनबेरात कुणाचं स्वागत करायचं नाही. 'वेलकम टू कंट्री' म्हणायचा अधिकार त्या भूमीच्या वडीलधाऱ्यांचा. बाकी कुणीही, ती असो वा मी, फक्त 'अ‍ॅक्नॉलेजमेंट' करू शकतो, म्हणजे ही जमीन कुणाची ते मान्य करून मग बोलायला लागायचं. इथल्या ऑफिसांत हे वाक्य प्रत्येक मीटिंगच्या आधी म्हटलं जातं आणि बऱ्याचदा विमानातल्या सुरक्षा सूचनांसारखं म्हटलं जातं, कुणी ऐकत नाही. सोळा वर्षांची पोर ते नियम पाळून, अदबीने, पुन्हा पुन्हा उच्चार तपासून म्हणते तेव्हा मात्र लक्ष द्यावं लागतं.

रात्री होस्टेलच्या हॉलमध्ये तालीम झाली. तिच्या भाषणाचा मसुदा आंटींनी तीनदा परत केला. पहिल्यात फार विशेषणं होती, दुसऱ्यात फार राग. तिसऱ्यावर आंटी म्हणाल्या, "आता हे तुझं आहे का माझ्यासाठी लिहिलंयस?" ती काही न बोलता कोपऱ्यात जाऊन बसली आणि अकरा वाजेपर्यंत लिहीत राहिली. आम्ही पालक झोपायच्या गाद्या घालत होतो, तोवर कुणी तिच्या वाटेला गेलं नाही.

गुरुवार, 25 एप्रिल. अ‍ॅन्झॅक डे

पहाटे तीनला उठलो. एप्रिल म्हणजे इथला शरद, आणि कॅनबेराची पहाट हाडात शिरते. मी थर्मल, स्वेटर, जाकीट, वरून शाल. मुलांच्या कोटाला रोझमेरीची काडी टाचलेली. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या टेकड्यांवर ती रानात उगवते म्हणून ही प्रथा. साडेचारपासून वॉर मेमोरियलच्या पायऱ्यांवरून सैनिकांची पत्रं आणि डायऱ्या वाचून दाखवत होते, इमारतीच्या दर्शनी भिंतीवर जुने फोटो एकामागून एक उमटत होते. हजारो माणसं अंधारात उभी. मग निवेदन थांबलं आणि डिजेरीडूचा घुमणारा आवाज आला. तो कानाला ऐकू येण्याआधी छातीत ऐकू येतो.

25 एप्रिल 1915 ला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे सैनिक गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले, तो हा दिवस. त्याच दिवशी त्याच किनाऱ्यावर हिंदुस्थानी पहाडी तोफखानाही उतरला होता, खेचरांवर तोफांचे सुटे भाग लादून. मेमोरियलच्या आवारात सिम्पसन आणि त्याच्या गाढवाचा पुतळा आहे. जखमींना गाढवावरून खाली आणणारा हा स्ट्रेचरवाला इथल्या प्रत्येक मुलाला माहीत असतो. तो मुक्काम करायचा हिंदुस्थानी खेचरवाल्यांच्या तळावर आणि ते त्याला 'बहादुर' म्हणायचे, हे मात्र फार थोड्यांना माहीत. मी ते आमच्या बसमधल्या पंजाबी मुलांना सांगितलं. त्यातल्या एकाने पुतळ्याशेजारी उभं राहून आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे लुधियानात मध्यरात्र.

मुख्य कार्यक्रम आटोपल्यावर गर्दी कॉफीकडे वळली आणि आम्ही उलट्या दिशेला, इमारतीच्या मागे, माउंट एन्सलीच्या रानात शिरलो. निलगिरीच्या झाडांमधून कच्ची पायवाट जाते. थोडं चढून गेलं की एका दगडावर लहानशी पाटी दिसते, ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात सेवा केलेल्या अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या स्मरणार्थ. 1988 मध्ये ती खासगी पुढाकाराने बसवली गेली. खाली एवढी अवाढव्य इमारत, समोर कित्येक पदरी अ‍ॅन्झॅक परेड, तिच्या दोन्ही बाजूंना युद्धानुसार स्मारकं. आणि यांच्यासाठी कैक वर्षं झाडीतला एक दगड. वर्षानुवर्षं डॉन सर्व्हिसनंतर, म्हणजे पहाटेच्या मुख्य कार्यक्रमानंतर, लोक इथे येतात आणि वेगळी सभा होते.

माजी सैनिक पदकं लावून आले होते. काही व्हीलचेअरवर, त्यांना खडबडीत वाटेवरून वर आणायला आमची अकरावीची पोरं कामी आली. शाळेचं पुष्पचक्र निलगिरीच्या पानांचं होतं, ते मुलांनीच आदल्या दिवशी होस्टेलच्या मागच्या अंगणात बांधलं होतं. आपली पाळी येईपर्यंत आमचे दोघे नेते गर्दीच्या मागे उभे राहिले. कुणीतरी पुढे यायला खुणावलं तरी गेले नाहीत. आधी वडीलधारे, मग माजी सैनिक, मग त्यांची कुटुंबं, मग शाळा. हा क्रम त्यांना कुणी त्या क्षणी सांगावा लागला नाही.

भाषण तिथे नव्हतं. ते सभा संपल्यावर, थोडं बाजूला, आमच्याच मुलांसमोर तिने केलं. तिच्या पणजीचा भाऊ भरतीला गेला, पहिल्या गावात परत पाठवला गेला, मग दुसऱ्या गावात जाऊन भरती झाला. तेव्हा कायद्याने 'प्रामुख्याने युरोपीय वंशाचे' नसलेल्यांना लष्करी सेवेतून वगळलं होतं. 1916 च्या सार्वमतात लोकांनी सक्तीची भरती नाकारली, माणसं कमी पडू लागली, आणि मे 1917 मध्ये नियम सैल झाला: आई-बापांपैकी एक युरोपीय असेल तर चालेल. पहिल्या महायुद्धात हजाराहून जास्त अ‍ॅबोरिजिनल सैनिक लढले. छावणीत पगार बरोबरीचा, ताट बरोबरीचं. परतल्यावर सैनिकांना शेतजमिनी वाटल्या गेल्या तेव्हा बहुतेकांचे अर्ज बाद. काही ठिकाणी तर मिशनचीच जमीन तोडून गोऱ्या माजी सैनिकांना दिली. तिने पणजीच्या भावाचा शेवटचा कागद वाचला, पदकं टपालाने पाठवल्याची नोंद. ती नोंद करणाऱ्या कारकुनाला पत्ता म्हणून मिशन मॅनेजरचं नाव लिहावं लागलं होतं, कारण त्या माणसाला स्वतःचा पत्ता नव्हता. विशेषणं एकही नव्हती. आंटी निलगिरीच्या बुंध्याला टेकून ऐकत होत्या, चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हत्या.

नंतर उतरताना मी त्यांना आमच्याकडची गोष्ट सांगितली. पेशवाईच्या शेवटाला लढलेली माणसं, कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली महार सैनिकांची नावं. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी 'लढवय्या जाती'ची यादी केली आणि महारांची भरती बंद. गोपाळबाबा वलंगकरांनी ती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज लिहिला. 1917 साली माणसं हवी झाल्यावर 111 महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर ती मोडली. "1917?" आंटींनी थांबून विचारलं. हो, तेच साल. मग विचारलं, त्या स्तंभाकडे कुणी जातं का? मी म्हटलं, आंबेडकर 1927 मध्ये 1 जानेवारीला गेले होते, आता लाखो लोक जातात. "लाखो," त्या म्हणाल्या. मागे वळून पायवाटेकडे बघत हसल्या. "आम्हाला बस वाढवाव्या लागतील."

मग परेड. 2017 पासून इथे एक बदल झाला, त्या वर्षी पहिल्यांदा अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरच्या मूळनिवासी) सैनिक-माजी सैनिकांनी राष्ट्रीय संचलनाचं नेतृत्व केलं. मुलांना हे माहीत होतं. त्यांना जे माहीत नव्हतं ते एका नववीच्या मुलाने विचारलं: इंग्रज इथे आले तेव्हा या लोकांनी त्यांच्याशी जी लढाई केली, तिचं स्मारक कुठे? इतिहासाच्या सरांनी सरळ उत्तर दिलं. सीमेवरची युद्धं म्हणून इतिहासकार त्यांच्याबद्दल लिहितात, वॉर मेमोरियलने त्यांना तोवर आपल्या कक्षेबाहेर मानलं होतं, आणि 2011 पासून काही लोक याच दिवशी या मागणीचे फलक घेऊन संचलनाच्या मागे चालतात. मुलाने विचारलं, "मग बरोबर कोण?" सर म्हणाले, उद्या आत जाऊन बघ काय आहे आणि काय नाही, मग मला सांग.

शुक्रवार, 26 एप्रिल. कॅनबेरा

आज आत. सन्मानयादीच्या ब्राँझच्या भिंतींवर एक लाख तीन हजारांच्या आसपास नावं आहेत. हुद्दा कुणाचाच नाही. नावं पलटणीनुसार, म्हणून पलटण माहीत नसेल तर माणूस सापडत नाही. मुलं घरून पॅनेल नंबर लिहून आली होती, त्यामुळे बाकीचे पर्यटक वर बघत भटकत असताना आमची टोळी पोस्टमनसारखी थेट पत्त्यावर पोचत होती. एका गटाने डॅनियल कूपर शोधला, 1917 मध्ये बेल्जियममध्ये पडलेला. त्याचे वडील विल्यम कूपर, योर्टा योर्टा लोकांचे नेते. त्यांनी 1,814 सह्या गोळा करून राजाला अर्ज केला की संसदेत आमचा प्रतिनिधी असावा. सरकारने तो राजापर्यंत पोचवलाच नाही. पुढचं महायुद्ध जवळ आलं तेव्हा या म्हाताऱ्याने मंत्र्याला विचारलं की मुलगा दिलेल्या बापाला अजून नागरिकाचे हक्क नाहीत, मग आमच्या माणसांनी आता कशासाठी लढायचं. लेकीच्या गटाने डॅनियलच्या नावाच्या फटीत पॉपी, आठवणीचं लाल फूल, खोचली. फटीत आधीच एक होती.

रेग सॉंडर्सच्या फोटोपुढे मुलं जास्त वेळ थांबली. गुंडिचमारा माणूस, 1944 मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्यातला पहिला अ‍ॅबोरिजिनल कमिशन्ड अधिकारी, पुढे कोरियात कापयाँगच्या लढाईत कंपनीचा कमांडर. लेन वॉटर्स हा लढाऊ वैमानिक, त्याच्या किटीहॉक विमानावर 'ब्लॅक मॅजिक' लिहिलेलं, पंचाण्णव उड्डाणं. युद्धानंतर त्याला विमान चालवायला कुणी ठेवलं नाही, तो मेंढ्यांची लोकर कातरायच्या धंद्याला परतला. टोरेस स्ट्रेटच्या बटालियनची गोष्ट मला सगळ्यात आवडली. पगार गोऱ्या सैनिकाच्या एक तृतीयांश, म्हणून 1943 च्या शेवटी भर युद्धात त्यांनी संप केला. पगार दोन तृतीयांशावर आला. उरलेला फरक मिळायला 1980 चं दशक उजाडलं. आमच्या पोरांनी 'संप' हा शब्द ऐकून माना वर केल्या, तोवर अर्ध्यांचं लक्ष कॅफेकडे होतं.

बाहेर शिल्पांच्या बागेत नवं स्मारक होतं, 'फॉर अवर कंट्री'. अनावरण होऊन महिनाही झाला नव्हता, 28 मार्चला झालं. डॅनियल बॉइड या क्वीन्सलँडच्या कलाकाराचं काम. काळ्या आरशासारखी भिंत, तिच्यावर असंख्य गोल ठिपके, प्रत्येकात आपण तुकड्यातुकड्यांनी दिसतो. समोर विधीसाठी अग्नीची जागा, आणि जमिनीखाली एक पात्र, ज्यात देशभरातल्या अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर समाजांनी आपापल्या भूमीची माती आणून ठेवायची. रानातल्या दगडापासून इथवर यायला एकतीस वर्षं लागली. मुलगा-नेता त्या भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, मला तो दगडच बरा वाटतो. मुलगी-नेतीला हे बिलकुल पटलं नाही. मुख्य इमारतीच्या आवारात असणं हाच मुद्दा आहे, कालच्या डोंगरावर पाय धड नसलेला आजोबा चढू शकत नाही, असं तिचं म्हणणं. जेवणाच्या रांगेतही त्यांचं हेच चालू. कालचा नववीचा मुलगा सरांजवळ वही घेऊन उभा होता, 'काय आहे' आणि 'काय नाही' असे दोन रकाने आखून. दुसरा भरत आला होता.

संध्याकाळी जुन्या संसदेसमोरच्या हिरवळीवर गेलो. 26 जानेवारी 1972 ला चार तरुण इथे समुद्रकिनाऱ्यावरची छत्री रोवून बसले आणि म्हणाले, आमच्याच देशात आम्ही परके, म्हणून ही आमची वकिलात. टेंट एम्बसी अजून आहे. शेकोटी पेटलेली होती. आंटी आत जाऊन बोलून आल्या, मग आम्हाला बोलावलं. फोटो काढायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं आणि चाळीस पोरांनी ते पाळलं. माझ्यासाठी सहलीतला सगळ्यात मोठा चमत्कार हाच.

शनिवार, 27 एप्रिल. परतीचा रस्ता

बसमध्ये सगळे झोपलेले. मेंढ्याजवळ कुणी उतरलंसुद्धा नाही.

कॅम्बेलटाउन मागे पडल्यावर मुलगी-नेती पुढे आली आणि माईक मागितला. आपल्या उपनगरातल्या बागेत पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे, त्यावरच्या नावांत अ‍ॅबोरिजिनल कोण आणि नावच नसलेले कोण, हे कुणी तपासलेलं नाही. पुढच्या टर्मचं काम हेच. ऑगस्टपर्यंत यादी तयार हवी, मग आरएसएल ही माजी सैनिकांची संघटना आणि स्थानिक कौन्सिल यांच्याकडे जायचं. बारावी झाल्यावर ती नसेल, म्हणून नववीतल्या कुणीतरी आतापासून बरोबर राहायला हवं. दोन रकाने आखणाऱ्या मुलाचा हात वर गेला. त्याचे आई-वडील बैरूतचे. तिने आंटींकडे बघितलं. आंटी म्हणाल्या, "हात वर करणाऱ्याला काम द्यायचं, एवढं सोपं आहे. पुढे कोण बोलणार ते आपली पोरं ठरवतील."

मग तिने पालकांकडे मोर्चा वळवला. वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रं बघायला मोठी माणसं हवीत, कारण मुलांना मायक्रोफिल्मची मशीन हाताळू देत नाहीत. आडनावं वाटून दिली गेली. मला एम ते आर मिळाली, आणि बुधवारी संध्याकाळी सहाला यायचं असं सांगितलं गेलं. लेक पहिल्यांदा माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली आणि म्हणाली, "आई, तू उशीर करू नकोस हं."